गृहभेट

गाठ जशीच्या तशी होती. कठड्याच्या तिसऱ्या गजाला तिनं सकाळी स्वतःच्या हातानं मारलेली. दोन वेढे, वरून एक उलटा, ओढावी तितकी आवळणारी. गाठीखाली चादरीची वीतभर पट्टी लोंबत होती आणि तिथंच ती संपली होती. सरळ. पोरीनं ओढून तोडली असती तर कडेला धागे सुटले असते, उंदरानं कुरतडली असती तर दात दिसले असते. ही कड कात्रीची होती, चांगल्या धारेच्या. तिच्या एका हातात पाण्यानं भरलेला डबा होता, दुसऱ्यात ओला फडका, आणि मनात पहिला विचार आला तो असा, की बरी होती चादर, आता आणखी एक पट्टी फाडावी लागणार. नंतर कितीदा तरी तिला या विचाराची लाज वाटली. पण मन असंच असतं. घराला आग लागली तरी माणूस आधी उतू जाणाऱ्या दुधाकडे धावतं. मग डबा हातातून सुटला. मग तिनं रस्त्याकडे बघितलं. आधी चाकांच्या खाली, मग चाकांच्या मधून, मग पलीकडच्या कडेला. फूटपाथवरच्या आया पोर दिसेनासं झालं की याच क्रमानं बघतात. चाकांखाली काही नव्हतं. एक बस गेली, तिच्यामागून दुसरी गेली, रस्ता अगदी रोजच्यासारखा होता, आणि तो रोजच्यासारखा असणंच तिला सोसेना.

"गाडी आली होती," काटेवाले काका म्हणाले. वजनाचा काटा पुढ्यात मांडून ते दिवसभर बँकेच्या भिंतीला टेकून बसत. येणाऱ्याजाणाऱ्याला वजन सांगायचं आणि वर एक टोमणा फुकट. आज त्यांच्याकडे टोमणा नव्हता. "पांढरी गाडी. दोन बाया, एक बाप्या. कडेवर घेतली अन् नेली. रडली नाही बघ. हातात बिस्किट होतं तिच्या."

"आणि तुम्ही बघत बसलात?"

"मला काय ठाऊक गं. इस्त्रीच्या कपड्यातली माणसं. मला वाटलं, सुई टोचायला नेतायत."

ती छत्रीमावशीकडे वळली. मावशी तीन हातांवरच बसलेली. मोडक्या छत्र्या दुरुस्त करायची. चष्म्याची एक दांडी कधीच गेली होती, तिथं दोरा बांधून तो कानाला अडकवलेला. मावशीनं मान वर केली नाही. छत्रीच्या काडीच्या भोकात ती तार ओवत राहिली. तार ओवली जात नव्हती.

आता, पोर बांधणं ही त्या फूटपाथवर काही चोरून करायची गोष्ट नव्हती. पोराला दात येतात, पोर पालथं पडतं, रांगतं, तसंच चालायला लागलं की बांधलं जातं. कठडा मोडक्या दातांसारखा, दोन गजांमधून पोर आरपार जाईल असा, आणि कठड्यापलीकडे हातभर अंतरावरून बस जाते, इतक्या जवळून की तिचा गरम वारा मांडीवर लागतो. आईला काम असतं. तिच्या पुढ्यात लसणाची गोणी असायची, हॉटेलातून सकाळी यायची आणि दुपारी सोललेल्या पाकळ्या परत जायच्या. नखं मऊ पडून पिवळी झालेली, बोटांच्या टोकांना सतत आग. त्या बोटांनी टिल्लीला जवळ घेतलं की पोरगी डोळे चोळायची आणि रडायची, म्हणून कामाच्या वेळी तिला हात न लावता सांभाळायचं असलं तर दोरच हवा. चादरीच्या पट्टीला सगळे दोरच म्हणायचे. तो कमरेला बांधायचा, पायाला नाही. पायाला बांधला तर पोर तोंडावर पडतं. लांबी चार पावलांची. पोराच्या पावलांची, आपल्या नव्हे. आणि त्याचा एक नियम होता. आई जागेवर असली तर दोर गजाला, आई उठली तर दोर हाताला. कुणाच्या तरी हाताला. पाण्याला जायचं, आडोशाला जायचं, गोणी पोचवायला जायचं, तर दोर गजावरून सोडायचा आणि शेजारणीच्या मनगटाला गुंडाळून द्यायचा. तोंडानं काही सांगावं लागत नसे. दोर ज्याच्या हाताला, पोर त्याचं. आई परत येईपर्यंत पाणी त्यानं पाजायचं, नाक त्यानं पुसायचं, कुणी विचारलं तर उत्तर त्यानं द्यायचं. आणि ज्याच्या हाताला दोर नाही, त्यानं दुसऱ्याच्या पोरात तोंड घालायचं नाही. दहा पावलांच्या जागेत सात घरं राहायची तर असं काहीतरी धरून राहावंच लागतं, नाहीतर रोज डोकी फुटतील.

त्या सकाळी तिनं दोर गजावरच ठेवला होता.

कारण आदल्या दिवशी दुपारी टिल्लीनं मावशीच्या गिऱ्हाइकाची छत्री ओली केली. बघायला गेलं तर छत्रीला ओलं व्हायचंच असतं. काका तसं म्हणालेही, आणि पलीकडे राहणारी जुळ्यांची आई फिसकन हसली. मावशीला हसणं झोंबलं. "जनावरासारखी मोकळी सोडतेस," मावशी म्हणाली. "बापाचा पत्ता नाही, आईचं लक्ष नाही. उद्या माझ्या गळ्यात टाकू नकोस, सांगून ठेवते." बाकी सगळं तिनं गिळलं असतं. बापाचं तिला गिळवेना. तीही बोलली. म्हणाली, "तुला नाही एक, म्हणून माझ्यावर डोळा." बोलून गेली, आणि बोलता बोलताच तिला कळलं की हे बोलायचं नव्हतं. मावशीला एक होता. फूटपाथवरच झालेला, दोरानंच वाढलेला, मोठा होऊन दोर सोडून गेलेला, कुठंतरी असलेला किंवा नसलेला. सगळ्यांना ठाऊक होतं आणि म्हणूनच कुणी ते काढत नसे. मावशीनं छत्र्या आवरल्या, पाठ करून झोपली. सकाळी टिल्लीची आई डबा घेऊन उठली तेव्हा दोर सोडायला वाकली होती. बोटं गाठीवर होती. मावशीचं मनगट तीन हातांवर होतं, रिकामं, आणि वाटलं तर वाटलं, पण ते जरासं पुढंही आलं होतं. तिनं बोटं काढून घेतली. म्हणाली, पाच मिनिटांचं तर काम आहे. तिनं नक्की कोणाला सांगितलं हे, टिल्लीला की गजाला? नळाशेजारच्या संडासाच्या रांगेत उभं राहताना पाच मिनिटांची पंचवीस झाली, पुढची बाई आत जाऊन बसलीच, मागची शिव्या देत होती, आणि ती अढीतच होती, अजून मनातल्या मनात मावशीला उत्तरं देत होती, एकाहून एक चांगली.

ऑफिसात पंखा होता आणि पंख्याखाली कारकून. पांढरी गाडी ज्यांची, त्या बालगृहाचं ऑफिस; भिंतीवर हसणाऱ्या मुलांची चित्रं, चित्रांखाली बाक. तिला ते ऑफिस सापडायला एक दिवस गेला आणि आत शिरायला दुसरा. तिसऱ्या दिवशी कारकुनानं कागद पुढं ओढला आणि वाचून दाखवला, वाईट नव्हता माणूस, सावकाश वाचत होता. "बालिका, वय अंदाजे दोन वर्षं, वर्दळीच्या रस्त्यालगत लोखंडी गजाला बांधलेल्या अवस्थेत एकटी आढळली. शेजारी बसलेल्या वृद्ध महिलेस विचारले असता तिने ओळख सांगण्यास नकार दिला."

"नकार नाही हो," ती म्हणाली. "काय म्हणाली ती?"

त्यानं खाली बघितलं. खाली कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. "'मला काय विचारता, मला विचारून बांधलीय का.' असं म्हणाल्या त्या."

तिला ते मावशीच्याच आवाजात ऐकू आलं. तार ओवता ओवता, मान वर न करता. आणि तिला राग येईना. किती प्रयत्न केला तरी येईना; राग आला असता तर धरायला काहीतरी मिळालं असतं. पण मावशी नियमानं वागली होती. दोर हातात नव्हता.

"तुम्ही आईच आहात, कशावरून?" कारकून म्हणाला. "असं विचारावं लागतं, मनाला लावून घेऊ नका. जन्माचा दाखला वगैरे काही?"

टिल्ली पाचव्या मजल्यावर झाली होती. हे ती सांगणार होती, मग कसं सांगावं ते सुचलं नाही. नवरा त्या इमारतीवर गवंड्याच्या हाताखाली होता, ती विटा वाहायची. इमारत वर जाई तसे तेही वर जात. पहिला स्लॅब सुकला की खालची झोपडी मोडून पहिल्या मजल्यावर, दुसरा सुकला की दुसऱ्यावर. तिसऱ्यावर ती ज्या कोपऱ्यात स्वयंपाक करायची तिथं खरोखरच स्वयंपाकघर होणार होतं, नकाशात तसंच होतं, नवऱ्यानं दाखवलं होतं बोट ठेवून, आणि ती हसून म्हणाली होती, "बघा, बायकांना बरोब्बर कळतं." पाचव्यावर दारांच्या जागी नुसती भोकं होती, खिडक्यांच्या जागी नुसतं आभाळ. कळा सुरू झाल्या तेव्हा ती नुकत्याच घातलेल्या भिंतीला धरून होती, सिमेंट गार होतं, गालाला बरं वाटत होतं. आठव्या मजल्यापर्यंत टिल्ली बसायला लागली. नवव्यानंतर वर मजला नव्हता. मग रंगारी आले, मग काचा आल्या, मग दारं आली आणि दारांना कुलपं, आणि ते खाली आले. नवरा दुसऱ्या शहरात काम बघायला गेला. "पाय ठेवायला जागा झाली की न्यायला येतो," म्हणाला. येईलही. ती अजून कधी कधी कामाच्या तंद्रीत मान वर करून त्या इमारतीकडे बघायची, तीन चौकांपलीकडे तिचं डोकं दिसायचं. पाचव्या मजल्यावर कपडे वाळत असायचे. कुणाचे तरी मोजे, छोटे.

कारकून वाट बघत होता. आणि तेव्हाच, दुपारची टिल्लीची वेळ झाली म्हणून असेल, तिला छातीत ती ओढ जाणवली. दिवसाकाठी एकदा, दुपारी, अजून प्यायची पोरगी, सुटत नव्हतं. तिनं दोन्ही हात घट्ट आवळून छातीवर दाबले, पण कपडा ओला झालाच, दोन बाजूंना दोन डाग, पसरत जाणारे. कारकुनानं बघितलं, पटकन खाली बघितलं, कागद उगाच सरळ केला. कान लाल झाले त्याचे. त्याच्याही घरी कुणी असणार. "हे," तो म्हणाला, आणि थांबला. "हे कागदावर येत नाही ना, बाई." मग उठून आत गेला, कुणाशी तरी बोलला, परत येऊन म्हणाला, "लांबून बघा एकदा. हाक मारू नका. हाक मारलीत तर मला ओरडा बसेल."

काचेचं दार. आत लांबच लांब खोली, स्वच्छ, पिवळी फरशी, पलंगांच्या रांगा भिंतीला सरकवलेल्या, मधली सगळी जागा मोकळी. एवढी मोकळी जागा तिनं नवव्या मजल्यानंतर बघितली नव्हती. मुलं धावत होती. टिल्लीचे केस कापले होते, उवांसाठी असणार. मान केवढीशी दिसत होती, अंगात निळा फ्रॉक, पायात मोजे. छोटे. टिल्ली चालत होती. एक, दोन, तीन, चार. आणि वळली. परत चार, परत वळली. समोर फरशी पसरलेली, कुणी अडवत नव्हतं, कमरेला काही नव्हतं, एक चेंडू तिच्यासमोरून गडगडत भिंतीपर्यंत गेला, तिनं त्याच्याकडे बघितलं, चार पावलं गेली त्याच्या दिशेनं, आणि जिथं ओढ लागायची तिथं थांबली. मग कमरेवर हात ठेवून, म्हातारीसारखी, चेंडूकडे बघत उभी राहिली.

"शांत आहे हो पोर," सांभाळणारी बाई मागून म्हणाली. "काही त्रास नाही. बाकीची इथं आली की पळापळ करतात नुसती."

तिनं हाक मारली नाही. तोंडात मूठ घातली. मुठीला लसणाचा वास होता, आणि तिला वाटलं, हा वास काचेतून आत जाईल. गेला नाही. काच चांगली होती.

बाहेर आल्यावर कारकून म्हणाला, "आता गृहभेट होईल."

"कुणाच्या घरी?"

"तुमच्या. चौकशीच्या बाई येतील, राहतं ठिकाण बघतील, शेजाऱ्यांशी बोलतील. त्यांच्या अहवालावर सगळं. गुरुवारी येतील, दहा ते पाच. जागा सोडू नका." मग त्यानं पत्ता विचारला, आणि तिनं सांगितला, बँकेची मागची भिंत, कठडा, कठड्यासमोरचं तिसरं झाड. त्यानं सगळं लिहून घेतलं, झाडासकट.

ही बातमी तिनं फूटपाथवर कुणाला सांगितली असं नाही. जुळ्यांच्या आईनं ती तिच्याकडून काढून घेतली आणि पुढच्या दहा मिनिटांत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. आणि मग जे झालं त्यावर हसावं की काय करावं, ते तिला आयुष्यभर कळणार नव्हतं. बुधवारी दुपारपासून सामान यायला लागलं. जुळ्यांच्या आईनं खरोखरची उशी आणली, अभ्र्यासकट. ती तिनं प्लॅस्टिकमध्ये बांधून जपलेली, जुळ्यांना हातसुद्धा लावू दिला नव्हता. पलीकडच्या चांभारानं आरसा दिला. "तोंड बघायचा नाही, गिऱ्हाइकाला बूट दाखवायचा आहे," तो म्हणाला, "पण घर म्हटलं की आरसा लागतो." कुणी स्टीलचे चार पेले दिले, एकसारखे. काकांनी घड्याळ आणलं, भिंतीवरचं, बंद पडलेलं.

"हे कशाला, काका?"

"घरात घड्याळ असतं."

"पण बंद आहे."

"मग काय झालं? दहा वाजता लावून ठेवू. बाई दहाला येणार ना? त्या वेळेला बरोबर दाखवेल."

"आणि अकराला आल्या तर?"

"तर म्हणायचं, बाई, तुम्हालाच उशीर झाला."

ती हसली. चौथा दिवस होता आणि ती हसली. भिंतीच्या खिळ्याला घड्याळ लागलं. गुरुवारी सकाळी जागा धुतली, पाच डबे पाणी ओतून. फरशांचा खरा रंग तांबडा आहे हे त्या दिवशी कळलं. मावशी सगळ्यात शेवटी आली. या चार दिवसांत दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. बोलण्यासारखं एकच होतं आणि ते बोलता येत नव्हतं. मावशीनं चटई अंथरली. नवीन, गुंडाळी न मोडलेली. तिच्या पोरासाठी घेतलेली असणार, तो आला तर म्हणून, हे कुणी म्हटलं नाही. कोपरे हातानं दाबून बसवले, मग तिच्याकडे न बघता म्हणाली, "बस यावर. बाईंसमोर खाली बसू नकोस." मग थोड्या वेळानं, "मी बोलेन. मला बोलता येतं." तिनं मान हलवली. एवढंच झालं. पण तिच्या छातीवरचा धोंडा तेवढ्यानं जरा हलला. रात्रीतून कुणीतरी, काकाच असणार, गजाला उरलेली पट्टी सोडून टाकली होती.

आणि तिला खरंच वाटायला लागलं. हीच तिची चूक, दुसरी आणि मोठी. ती चटईवर बसली, डावीकडे उशी, उजवीकडे पेले, मागे घड्याळ दहा दाखवतंय, आणि तिला ते घर वाटायला लागलं. पाचव्या मजल्यावर तरी काय होतं यापेक्षा जास्त? भिंती होत्या, त्याही अर्ध्या. टिल्लीला उशीवर कुठल्या बाजूला डोकं करून झोपवायचं याचा ती विचार करत होती, रस्त्याच्या बाजूला नको, भिंतीकडे. केस वाढतील, केसांचं काय. पहिल्या दुपारी पोरगी पिईल का विसरली असेल. बाहेरून बसचा गरम वारा आला तेव्हा तिनं पाय आत घेतले. आत.

बाई सव्वाअकराला आल्या. तरुण होत्या, तिच्याएवढ्याच असतील. खांद्याला पिशवी, गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांखाली काळं. घरी लहान मूल असलं की डोळ्यांखाली येतं तसलं. फूटपाथवर चपला काढाव्यात की नाही हे त्यांना क्षणभर कळेना, मग त्यांनी काढल्या, आणि चटईवर बसल्या. ते बघून जुळ्यांच्या आईनं तोंडावर हात ठेवला. सगळे लांब उभे होते, लग्नाच्या फोटोला उभे राहतात तसे. बाईंनी घड्याळाकडे बघितलं, आपल्या मनगटाकडे बघितलं, आणि पिशवीतून कागद काढले.

प्रश्न सोपे होते. किती दिवस इथं, काम काय, खाणं काय, पाऊस आला तर कुठं. समोरच्या दुकानाच्या छज्ज्याखाली. दुकानवाले काही म्हणत नाहीत? म्हणतात. आजारी पडली होती कधी? एकदा, जुलाब, मोठ्या दवाखान्यात नेली. बाई लिहीत होत्या. अक्षर सुरेख होतं, गोल. मध्येच म्हणाल्या, "माझीही दोनच वर्षांची आहे. एक मिनिट एका जागी राहील तर शपथ." आणि दोघी हसल्या, खऱ्या, आणि त्या हसण्यात तिला वाटलं, झालं, मिळाली.

मग बाईंनी पेन थांबवलं. "हे विचारायला मला आवडत नाही," त्या म्हणाल्या. "मुलगी परत आली, तर पुन्हा बांधाल?"

याचं उत्तर ठरलेलं होतं. मावशीनं काल सगळ्यांना पढवलं होतं, जुळ्यांनासुद्धा, आणि तिच्यापर्यंत ते जुळ्यांच्या आईनं पोचवलं होतं. तिनं समोर बघितलं. रस्ता. टिल्लीची चार पावलं कुठं संपतात ते तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. पाचवं पाऊल कठड्याच्या पलीकडे पडत होतं. "नाही," ती म्हणाली. "कध्धी नाही."

बाईंच्या चेहऱ्यावर एकदम सैल पडल्यासारखं झालं. त्यांनी ते लिहिलं, पूर्ण वाक्यात. मग, जणू घाईत एक रकाना भरायचा राहिला होता, म्हणाल्या, "मग तुम्ही पाण्याला वगैरे गेलात, तर तिच्याकडे कोण बघेल?"

"मी!" मावशी म्हणाली.

ती पुढं आलीच होती, कधीची संधी बघत. बाईंसमोर बसली, चष्मा सारखा केला. "मी आहे ना. लिहा माझं नाव. त्या दिवशी माझी चूक झाली, बाई. माझ्या तोंडाला कुत्रं बांधलं होतं. पण एरवी विचारा कुणालाही. ही उठली, की पोर माझं. खाणं माझं, पिणं माझं. डोळ्यात तेल घालून बघते."

"बरं," बाई म्हणाल्या. लिहीत होत्या. "आणि रस्त्याकडे धावली तर? तुमचं वय झालंय, आजी."

"धावेल कशी?" मावशीला बाईंच्या अडाणीपणाचं हसू आलं. तिनं उजवं मनगट पुढं केलं, वाळकं, शिरा वर आलेलं, आणि डाव्या हातानं त्याच्याभोवती हवेत वेढे घेतले, एक, दोन, वरून एक उलटा. "आई गेली की दोर इथं. माझ्या हाताला. गजाला नाही हां, गजाला आम्ही कधी एकटं ठेवत नाही. आमच्यात तसं चालत नाही. दोर हाताला असला की पोर कुठं जातंय? झोप लागली तरी ओढ कळते मला. माझा लेक असाच वाढवलाय मी." आणि ती थांबली, अभिमानानं, आणि सगळ्यांकडे बघितलं, आणि लांबून काकांनी मान डोलावली, चांभारानं मान डोलावली, कारण ती बोलली ते खरं होतं आणि यापेक्षा चांगलं कुणाला सांगता आलं नसतं.

बाईंचं पेन हवेत होतं. त्या मावशीच्या मनगटाकडे बघत होत्या. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. आणि तिला दिसलं, की बाईंना कळलंय. सगळं कळलंय, नियम कळलाय, मनगट कळलंय, आणि हे सगळं त्या पानावर कुठं लिहायचं ते कळत नाहीये. तिथं फक्त हो किंवा नाही होतं. बाईंनी मघाशी लिहिलेल्या 'बांधणार नाही'च्या ओळीवर एक बारीक रेघ ओढली. वरून काहीतरी लिहिलं, दोनच शब्द. गोल अक्षर तसंच होतं. नंतर त्या बराच वेळ पिशवीत काहीतरी शोधत राहिल्या, काहीच काढलं नाही.

"कळवू," त्या उठताना म्हणाल्या. चपला घालताना त्यांनी एकदा तिच्या खांद्याला हात लावला, आणि तो हात पोळल्यासारखा लगेच उचलला.

त्या झाडापलीकडे दिसेनाशा होईपर्यंत सगळे उभे होते. मग कामाची वेळ होती, गिऱ्हाइकं थांबली होती. चांभारानं आरसा नेला. "होईल गं काम," तो म्हणाला. पेले गेले. जुळ्यांच्या आईनं उशी उचलली, झटकली, नाकाशी नेली, प्लॅस्टिकमध्ये घातली. "बाई चांगल्या होत्या," ती म्हणाली. "चपला काढल्या त्यांनी." काका भिंतीपाशी चवड्यांवर उभे राहून घड्याळ काढत होते. जाता जाता एकेकजण काहीतरी चांगलं बोलत होता, आणि प्रत्येक चांगल्या बोलण्याबरोबर एकेक वस्तू जात होती, आणि भिंत भिंत होत होती, फरशी फरशी. बसचा वारा पार भिंतीपर्यंत येऊन लागला.

मावशीनं चटई मागितली नाही. ती तिच्या शेजारीच बसून राहिली, खांद्याला खांदा लागेल अशी. चार दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा हलका दिसत होता, पोरीसारखा. दोरा बांधलेला चष्मा तिनं काढला, पुसला, घातला.

"बरोबर बोलले ना गं मी?"

तिनं मावशीकडे बघितलं. म्हातारीचे डोळे नुसती वाट बघत होते. तिनं ते वाळकं मनगट हातात घेतलं, मांडीवर ठेवलं.

"बरोबर बोललीस, मावशी," ती म्हणाली. "अगदी बरोबर."